अर्धं शटर

शाळेचं पत्र दप्तराच्या तळाशी, एका काळ्या पडलेल्या केळ्याखाली, दोन आठवडे मुरत होतं. ते बाहेर आलं रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. सोमवारी शाळेत बेक सेल, म्हणजे घरून आणलेले केक विकून पैसे जमवणं. पालकांनी जमल्यास दोन डझन कपकेक पाठवावेत. हे 'जमल्यास' इथल्या, इंग्लंडातल्या शाळा ज्या सुरात लिहितात, त्या सुरात आपल्याकडे 'अन्यथा कारवाई करण्यात येईल' असं लिहितात.

मैदा होता. साखर, अंडी, लोणी होतं. व्हॅनिलाची बाटलीही होती, तिच्यावरची तारीख मी वाचली नाही. नव्हते ते फक्त कपकेकचे कागद. ते चुण्या चुण्यांचे, द्रोणासारखे. गाडी काढली. वाटेत घोड्यांवर बसून दोन मुली रमतगमत चालल्या होत्या. हॅम्पशायरच्या अरुंद रस्त्यावर घोड्याला हॉर्न देत नाहीत, घोड्याच्या मागून घोड्याच्या वेगाने जातात. गेले. दुकानाच्या दारात पोचले तेव्हा माझ्या फोनवर तीन एकोणसाठ झाले होते.

दारात सिक्युरिटीवाला. आमच्या भागात नेपाळी मंडळी पुष्कळ, त्यामुळे आमचं बोलणं हिंदीत होतं. म्हणजे त्याच्या आणि माझ्या, दोघांच्याही परक्या भाषेत.

"दिदी, बंद हो गया."

"अभी एक मिनट है. ये देखो."

त्याने माझ्या फोनकडे पाहिलं नाही. स्वतःचं मनगट वर केलं. "चार."

"आपकी घड़ी आगे है."

"दुकान की घड़ी भी आगे है," तो शांतपणे म्हणाला.

यावर काय बोलणार? मी काकुळतीला आले. मला फक्त कागद हवेत. कुठे आहेत तेही माहीत आहे, डावीकडून तिसरी रांग, मैद्याच्या खालच्या फळीवर. काचेतून रांगेवरची 'होम बेकिंग' ही पाटीसुद्धा दिसत होती. पळत जाते, पळत येते.

"सब यही बोलता है, दिदी. पिछले संडे एक आदमी बोला, खरीदना नहीं है, सिर्फ देखना है."

दार आपोआप उघडणारं होतं आणि सगळा छळ तिथेच होता. आतलं गिऱ्हाईक पिशव्या घेऊन बाहेर आलं, की दार मोठ्या मनाने दोन्ही बाजूंना सरकायचं. तेवढ्यात आम्ही बाहेरचे चार-पाच जण अर्धं पाऊल पुढे टाकायचो. आणि तो हात पसरून, गुडघ्यात किंचित वाकून, आडवा सरकायचा. हुतूतूतला कोपरारक्षक जसा चढाईवाल्याचा पाय बघत सरकतो, तसा. बाहेर येणाऱ्याला "थँक यू, हॅव अ नाइस इव्हनिंग", आणि लगेच आमच्याकडे वळून चेहरा कोरा. एका बाईंनी ढकलगाडीतलं बाळ पुढे केलं. बाळालाही सोडलं नाही.

आता हे असं का, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. इंग्लंड आणि वेल्समध्ये 280 चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा यांच्यामध्ये सलग सहाच तास विक्री करू शकतं. कायदा 1994 चा. बहुतेक दुकानं दहा ते चार घेतात. स्कॉटलंडमध्ये असलं काही नाही. दुकान 280 चौरस मीटरच्या आत बसत असेल तर मालकाने रात्रभर उघडं ठेवावं, रविवारचं पावित्र्य भंगत नाही. पावित्र्य क्षेत्रफळावर मोजायची ही पद्धत मला अजून कुठे दिसलेली नाही. आपल्याकडे सोवळ्याओवळ्याचे इतके नियम झाले, पण चौरस मीटर कोणी काढले नव्हते.

मी 2012 च्या जुलैत लग्न होऊन इथे आले. तेव्हा लंडनच्या ऑलिंपिकसाठी सरकारने हा नियम आठ रविवार बाजूला ठेवला होता, 22 जुलै ते 9 सप्टेंबर. मला कोणी सांगितलंच नाही. रविवारी संध्याकाळी सात वाजता आरामात भाजी घ्यायची, देश चांगला आहे म्हणायचं. सोळा सप्टेंबरला पाचच्या सुमारास पिशवी घेऊन त्याच दारासमोर उभी राहिले तर आत अंधार. मला वाटलं, कोणीतरी गेलं. नवरा गाडीतून म्हणाला, "अगं, रविवारी चारला बंद होतं, माहीत नाही का तुला?" नव्हतं. आता आहे. तरी माणूस एकोणसाठाव्या मिनिटाला पोचतोच.

तर त्या बाहेरच्या चार-पाच जणांत एक आजोबा होते. ट्वीडची टोपी, हातात कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर खास इथल्या म्हाताऱ्यांचा तो भाव, की माझ्यावर अन्याय झालेला आहे परंतु मी तो सभ्यपणे सहन करत आहे. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, मूर्खपणाचा कायदा आहे.

"अजिबात नाही," आजोबा म्हणाले. "उत्तम कायदा आहे. त्यासाठी मी पावसात मोर्चाला गेलो होतो."

मला वाटलं माझं ऐकण्यात चुकलं. चुकलं नव्हतं. 1986 साली थॅचरबाईंनी रविवारची सगळी बंधनं उठवण्याचं विधेयक आणलं, तेव्हा आजोबा 'कीप संडे स्पेशल'वाल्यांचा फलक धरून उभे होते. एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना. म्हणजे आपल्याकडे कीर्तनकारबुवा आणि गिरणीतला युनियनवाला एकाच ट्रकवर चढावेत तसं. बाईंच्याच पक्षाचे सत्तरच्या वर खासदार फुटले आणि विधेयक 296 विरुद्ध 282 मतांनी पडलं. "तिला आम्ही हरवलं," आजोबा म्हणाले. हे आकडे त्यांनी मला अशा थाटात सांगितले, जसे आमचे मामा 83 च्या फायनलचा धावफलक सांगतात.

"मग तुम्ही आत्ता इथे का?"

"मिंट सॉस," आजोबा म्हणाले. घरी ओव्हनमध्ये कोकराची तंगडी आहे, पाचला जेवायचं आहे, मुलगी-जावई आलेत आणि बरणी उघडून पाहिली तर तळाला बोटभर.

मी म्हटलं, पण दुकान बंद असावं असं तुमचंच मत ना?

"असावंच. पण चारला. आत्ता चार वाजलेले नव्हते." आणि त्यांनी खिशातून स्वतःचं घड्याळ काढलं. साखळीचं. त्यात तीन अठ्ठावन्न झाले होते. त्यांनी ते सिक्युरिटीवाल्याला दाखवलं. त्यानेही आपलं दाखवलं. दोघांनी एकमेकांची घड्याळं आदराने पाहिली. दार तेवढ्यात उघडलं, कोणीतरी बाहेर आलं, दार मिटलं.

मग मी चूक केली. म्हटलं, अहो, मिंट सॉस म्हणजे काय मोठं? पुदिना चिरायचा, साखर, व्हिनेगर, चिमूटभर मीठ. माझ्याकडे मागच्या दारी कुंडीत ढीगभर पुदिना माजलाय, चला देते. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना मेंढीच घरी कातरायला सांगत होते. "इट्स व्हेरी काइंड," म्हणाले. थोडं थांबून, "पण बरणीतला तो बरणीतला."

दार आता उघडत नव्हतं, पण आजोबा रंगात आले होते. आत्ताचा कायदा काहीच नाही, म्हणाले, जुना 1950 चा बघायला हवा होता. रविवारी काय विकायचं याची त्यात यादीच होती. दारू चालेल. ताजं दूध चालेल, डब्यातलं किंवा भुकटीचं नाही. म्हणजे तान्ह्या पोरासाठी दुधाची पावडर मिळत नसे, पण बापासाठी जिन मिळायची. कुठलंही मासिक चालेल, अगदी बायकांच्या उघड्या चित्रांचंसुद्धा, पण बायबल म्हणजे पुस्तक, ते नाही. तळलेला मासा आणि चिप्स विकायला फक्त एका ठिकाणी बंदी होती, ती म्हणजे मासा आणि चिप्सच्याच दुकानात. आणि यादीत घोडा, खेचर, तट्टू आणि गाढव यांचा चारा आवर्जून होता.

"मिंट सॉस?" मी विचारलं.

"नव्हता," आजोबा म्हणाले. "गाढवाची सोय होती, माझी नव्हती." पहिल्यांदाच हसले. आणि तरीही कायदा उत्तमच होता, असं म्हणून, टोपीला हात लावून, पिशवी हलवत निघून गेले. समोरच्या छोट्या दुकानात मिळेल की, मी मागून ओरडले. ते मागे न बघता म्हणाले, "रविवारी मी छोट्या दुकानात जात नाही." यामागचं तत्त्व काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मला या सगळ्यात आठवत होतं ते आमच्या गावचं वाण्याचं दुकान. सोमवारी बाजारपेठ बंद, म्हणजे कडकडीत बंद. पण मागच्या बोळात जाऊन "काका" म्हणून हाक मारली, की वरच्या मजल्यावरून "कोण गं?" यायचं. मग काका बनियनवर खाली येत, शटर अर्धं वर करत आणि वाकून, हात बाहेर काढून, पाव किलो साखरेचा पुडा देत. वहीत मांडू, जा. बंद म्हणजे बंदच होतं, पण कंबरेपर्यंत उघडं होतं. पुढे मोठी झाल्यावर लक्षात आलं की काकूंना त्या सोमवारीही दुपारी दोन घास निवांत खाता येत नसत, दर दहा मिनिटांनी बोळातून "काका". तेव्हा मी साखर नेणारी होते. मला काय त्याचं.

इथे 2016 साली सरकारने पुन्हा प्रयत्न केला होता, वेळ वाढवायची की नाही ते त्या त्या नगरपालिकेने ठरवावं असा. 317 विरुद्ध 286 ने हरले. हरवणाऱ्यांत स्कॉटिश राष्ट्रवादी पक्षाचे खासदार होते, ज्यांच्या मतदारांना रविवारी रात्री आठलाही कागद मिळतात. इंग्लंडात वेळ वाढली तर रविवारी कामाचे जे जादा पैसे मिळतात ते सगळीकडेच कापले जातील, आमच्या कामगारांचेही, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा खोटा नाही. पण मी त्या दिवशी चूल पेटवून आलेली बाई होते. ओव्हन 180 वर ठेवून आले होते, आणि मला मुद्दे नको होते, कागद हवे होते.

म्हणून समोरच्या छोट्या दुकानात गेले. मालक तोच, बोर्डाचा रंग तोच, फक्त क्षेत्रफळ लहान आणि भाव मोठे. रात्री अकरापर्यंत उघडं. केकचे कागद नव्हते. मांजराची वाळू होती, मेलेली गुलाबं होती, लॉटरी होती, मिंट सॉसच्या चार बरण्या होत्या. आणि काउंटरच्या मागे, डोळ्यांच्या रेषेत, अकरा प्रकारची जिन होती. मोजली.

पंधरा-वीस मिनिटं तिथे घुटमळले. मफिनचा तयार डबा उचलला, किंमत पाहिली, ठेवला. पुन्हा उचलला, ठेवला. रिकाम्या हाताने बाहेर पडताना दारात कोणीतरी बाजूला झालं. तोच. जाकीट तेच, छातीवरचा बिल्ला तोच.

"दिदी, मिला?"

"नहीं. आप यहाँ?"

"वहाँ चार बजे खतम. यहाँ साढ़े चार से ग्यारह."

"आणि जेवण?" हे माझ्याकडून मराठीतच निघालं. त्याला कळलं असावं. खिशातून अर्धं सँडविच काढून दाखवलं आणि परत ठेवलं.

"कल सुबह छे बजे खुलेगा उधर," तो म्हणाला. "जल्दी आना."

सहाला कोण जाणार? केक शेवटी इडलीपात्रात लावले, दोन घाणे, वाफेवर. ओव्हन उगीचच तापलं. चोवीसपैकी एकवीस सुबक निघाले. तीन साच्याला चिकटून तुटले, ते नवऱ्याने उभ्या उभ्या खाल्ले. बोटं चाटली आणि म्हणाला, "कागद असते तर निघाले असते."