राणी माशीला कोणी विचारत नाही

निवडणुका जवळ आल्या की आमच्या फॅमिली ग्रुपवर मुंग्या-माश्यांचे फॉरवर्ड सुरू होतात. मुंग्यांची शिस्त बघा, मधमाश्यांची एकजूट बघा, एक राणी आणि हजारो निमूट कामकरी. तेव्हा देशालाही एकच खंबीर नेता हवा. खाली जोडलेले हात. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असलं काही मुकाट्याने वाचून सोडून देणं मला जमत नाही. ग्रुपवर उत्तर दिलं तर दिवाळीपर्यंत अबोला ठरलेला, म्हणून इथे लिहितेय.

आधी राणीचं बघू. राणी माशी राज्य करत नाही, अंडी घालते. तिच्या गंधामुळे वसाहत बांधलेली राहते हे खरं. पण कोणत्या फुलांवर जायचं, घर कधी सोडायचं, नवीन घर कुठे करायचं, यातलं काहीही ती ठरवत नाही. उलट निघायच्या आधी कामकरी माश्या तिचं खाणं कमी करतात आणि तिला सारखं हलवत राहतात, म्हणजे ती बारीक होऊन उडण्याजोगी होते. असला नेता कोणत्या पक्षाला परवडेल?

दुसरी उपमा याहून जुनी आणि जास्त घातक: समाज म्हणजे एक शरीर. आपल्याकडे पुरुषसूक्तात मुखाचा ब्राह्मण आणि पायांचा शूद्र आहेच. एकोणिसाव्या शतकात हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने समाजाला सजीवाच्या मापात बसवलं. ‘जो लायक तो टिकतो’ हा वाक्प्रयोगही त्याचाच, १८६४ मधला. डार्विनने तो नंतर उचलला. गंमत बघा, समाजाला शरीर म्हणणारा स्वतः कधीच पाय नसतो.

आणि जीवशास्त्राच्या हिशेबानेही हे चुकतं. आपल्या शरीरातल्या पेशी एकाच फलित अंड्यापासून आलेल्या, त्यांचा जनुकसंच एकच. गर्भात बोटं सुटी होतात ती बोटांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात म्हणून. त्या पेशींचं त्यात काही बुडत नाही, त्यांची जनुकं बीजपेशींतून पुढे जायची ती जातातच. माणसांचं तसं नाही. धरणात ज्याचं घर बुडतं तो एक आणि कालव्यावर ज्याचं शेत भिजतं तो दुसरा. ‘देशाच्या शरीरासाठी त्याग’ हे वाक्य नेहमी दुसराच पहिल्याला ऐकवतो.

मग निसर्गाकडून काहीच शिकू नये का? शिकावं की. पण माश्यांकडून एकजूट शिकायला जाल तर हाती काही लागणार नाही. शिकण्यासारखं आहे ते त्यांचं मतभेद चालवण्याचं तंत्र.

१९४९ साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या तरुण संशोधकाला जुनं घर सोडून झुडपाला लटकलेल्या थव्यावर काही माश्या नाचताना दिसल्या. माश्या नाचून अन्नाचा पत्ता सांगतात हे त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी आधीच उलगडलं होतं. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण या माश्यांच्या अंगावर परागकण नव्हते. होती काजळी, विटांची भुकटी, माती. बॉम्बहल्ल्यांत पडझड झालेल्या शहरातल्या धुराड्यांत आणि भिंतींच्या भोकांत शिरून त्या घरं बघून आल्या होत्या!

पुढचं काम कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांचं. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ॲपलडोर नावाचं छोटं बेट आहे. तिथे माश्यांना राहण्याजोगी झाडं नाहीत, त्यामुळे थव्याला सीलींनी ठेवलेल्या पेट्यांतूनच निवड करावी लागे. थव्यात दहा हजारांच्या आसपास माश्या, त्यातल्या घरं शोधायला जाणाऱ्या काहीशेच, त्याही मुरलेल्या. त्यांना हवी असते चाळीसेक लिटरची, लहान तोंडाची, जमिनीपासून उंचावरची पोकळी. माशी आत शिरते, काळोखात भिंतींवरून चालत जाते, बाहेर येऊन चारी बाजूंनी घिरट्या घालते, पुन्हा आत जाते. पहिल्या भेटीतच अर्धा-पाऊण तास. बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये आपण एवढा वेळ देत नाही.

परतल्यावर ती थव्यावर नाचते. जागा चांगली तर फेऱ्या जास्त, बेताची तर कमी. दुसरी माशी तिचा नाच बघून पत्ता घेते, पण मत घेत नाही. स्वतः जाते, स्वतः आत फिरते. जागा पसंत पडली तरच येऊन नाचते, नाहीतर नाही. खरी मेख पुढेच आहे. जागा कितीही उत्तम असो, प्रत्येक खेपेला त्याच माशीचा नाच आखडत जातो आणि शेवटी थांबतो. बेताच्या जागेचा प्रचार लवकर आटतो. चांगल्या जागेचाही टिकतो तो फक्त नवनव्या माश्या तपासून येत राहिल्या तर. त्यामुळे हरलेल्या बाजूला ओढून आणावं लागत नाही, पुष्कळ माश्या पक्ष न बदलता नुसत्या गप्प होतात. एका जागेवर एकाच वेळी वीस-तीस जणी जमल्या की निर्णय झाला. कधी फसतंही. लिंडाउअरने एक थवा हवेत दोन दिशांना फाटलेला पाहिला होता.

आता आपल्या सभागृहात या. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. हेतू फुटाफूट थांबवण्याचा. ती किती थांबली हे २०२२ नंतर महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पण व्हिप निघाला की साध्या विधेयकावरही आमदाराने विधेयक वाचलं काय आणि न वाचलं काय, हात वर करायचा तो ठरलेलाच. २८८ डोकी बसवून ठेवायची आणि पोकळीत शिरून बघायचं काम मात्र दोन-चार नेत्यांनी करायचं, मग बाकीच्यांच्या डोक्यांचा उपयोग काय? व्हिपची सक्ती विश्वासदर्शक ठरावासारख्या मोजक्या प्रसंगांपुरतीच ठेवा, असं निवडणूक सुधारणांसाठीच्या गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं. ते कागदावरच राहिलं.

आटणाऱ्या नाचाचं एक उदाहरण मात्र आपल्याकडे आहे, तेही अनपेक्षित ठिकाणी. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याला मुदत होती. दर दोन वर्षांनी संसदेत येऊन ती वाढवून घ्यावी लागे. १९९५ पर्यंत गैरवापराची एवढी ओरड झाली होती की पुन्हा मुदत मागितली गेली नाही आणि कायदा संपला. रद्द करण्यासाठी वेगळी लढाई लढावी लागली नाही. १९६७ च्या यूएपीएला, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याला, अशी मुदतच नाही. तो राहावा की जावा हा वाद वेगळा. तो पुन्हा तपासायला कुणाला भाग पाडत नाही, एवढंच माझं म्हणणं.

निसर्गात सगळंच सापडतं, हे मात्र विसरून चालणार नाही. याच लोकशाहीवादी माश्या कामकरी बहिणीने घातलेली अंडी हुडकून खाऊन टाकतात आणि हंगाम संपला की नरांना हाकलून देतात. ते काही आपण उचलणार नाही. शिवाय थव्यातल्या सगळ्या माश्यांचं हित एक असतं. घर चुकलं तर सगळ्याच मरणार, म्हणून खोटं नाचून कुणाचा फायदा नाही. आपल्याकडे खोटं नाचणाऱ्यांची घरं चालतात.

त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. मला त्यांची रचना जास्त महत्त्वाची वाटते. अभ्यास गटात विषय सोलून काढायचा, बाहेरच्या जाणकारांनाही बोलवायचं, पण तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलायचा. वेळ खातं हे, आणि छोट्या गावात जमतं ते महानगरपालिकेत जमेलच असं नाही. पण शोधणं आणि ठरवणं ही दोन कामं वेगळी ठेवणं कुठेही जमायला हरकत नाही.

आमच्या सोसायटीतसुद्धा. गेल्या एजीएमला टाकीच्या गळतीवर दोन तास भांडण झालं. गच्चीवर चढून टाकी बघितलेला माणूस सभेत एकच होता, आणि तो वॉचमन असल्यामुळे त्याला कुणी विचारलं नाही. येत्या सभेत मी ठराव मांडणार आहे की ज्याने स्वतः वर जाऊन पाहिलंय आणि तिन्ही कोटेशनं वाचलीत, त्यानेच बोलावं. सेक्रेटरींना आधी कानावर घातलं, तर म्हणाले, “मॅडम, मग कोणी बोलणारच नाही.”

म्हटलं, चालेल.