त्या कॅम्पांना हसू नका

आज एका जेवणात डोकंच फिरलं. पॉन्टिन्स या ब्रिटिश कंपनीचे समुद्रकाठचे स्वस्त सुट्टीचे कॅम्प बंद पडल्याचा विषय निघाला. प्रेस्टॅटिन आणि कॅम्बर सँड्स २०२३ च्या अखेरीस गेले, पाठोपाठ साउथपोर्टही. तर मित्राचा मुलगा, दरवर्षी मालदीवला जाणारा, म्हणतो, "बरं झालं काका, तुरुंगच होते ते!" आणि सगळे हसले.

अरे, तुझे आजोबा आणि माझे बाबा लेस्टरच्या होजिअरी कारखान्यात रात्रपाळ्या करायचे. जुलैत कारखाने बंद झाले की अर्धं लेस्टर पूर्व किनाऱ्यावरच्या स्केग्नेसला. असे कॅम्प देशभर चालवणाऱ्या बिली बटलिननं आपला पहिला कॅम्प तिथेच काढला, १९३६ मध्ये. आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी, अशी जाहिरात. त्या वेळचं एक शॅले, म्हणजे राहायचं छोटं घरकुल, आज वारसा यादीत आहे. तुरुंग म्हणे!

आम्ही जायचो तो कॅम्पही त्याच किनाऱ्यावरचा. पहिल्या संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये जेवण झालं आणि आई सवयीनं उठली. पाचवारी साडी, वर कार्डिगन, पायात मोजे आणि चपला. ताटलीत ताटली घालून ढीग रचायला लागली. वाढणाऱ्या बाईंनी खांद्याला धरून खाली बसवलं, ते माझं काम म्हणाल्या. आई बसली खरी, पण हातांचं काय करायचं ते तिला कळेना. कागदी नॅपकिनच्या घड्या घालत राहिली.

हो, शॅले दमट होतं. उत्तर समुद्राचा वारा जुलैतही हाडं गोठवायचा. उकडलेला कोबी बाबांनी घरून नेलेल्या लिंबाच्या लोणच्यावर ढकलायचो. रांगेत कुणीतरी आम्हाला काय म्हणालं, तेही विसरलेलो नाही. मान्य.

पण आईचं बघा ना! इंडियाला जायचं तर तिकिटाचे पैसे वर्षानुवर्षं साठवायचे, आणि तिथे उतरल्या उतरल्या सासरच्या ओट्याशी उभं राहायचं. तिला सुट्टी कोण देणार होतं? आम्ही? आम्ही तर तिच्या पोळ्यांवरच वाढलो. कॅम्पात तीन वेळचं जेवण समोर यायचं. कॅम्पवर कामाला असलेली रंगीत कोटातली पोरं आम्हा मुलांना सकाळीच खेळांना घेऊन जायची. कुणाचे गुडघे जास्त बेढब, अशा गमतीच्या स्पर्धेत बाबा पँट वर करून उभे राहायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. घरी मी तिला असं हसताना फारसं पाहिलं नाही.

आठवड्याच्या शेवटी तर ती जागेवरून न उठता दुसरा चहा मागायची. त्याच बाईंकडे!

पुढे स्पेनची विमानं स्वस्त झाली, लोक तिकडे वळले. बटलिनचे क्लॅक्टन आणि फाइलीचे कॅम्प १९८३ मध्येच संपले. ऊन कुणाला नको असतं, ठीक आहे. जा ना मालदीवला, कोण अडवतंय? पण आपल्या आजीला एकदा विचार, त्या काळी तिला आयतं ताट कुठे मिळायचं.

लेस्टर, कॉव्हेंट्री, बर्मिंगहॅमकडचे जे कोणी तेव्हा गेले असाल, त्यांनी कमेंटमध्ये फोटो टाका. साडीवर कार्डिगनवाले आधी.