श्रीखंडाचा डबा आणि काळी चार

मुलगा लंडनला असतो. दर रविवारी तो व्हिडिओ कॉल करतो आणि दर रविवारी मला एखादा नवा न्यूनगंड देऊन जातो. गेल्या हिवाळ्यात त्याने तिथल्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनातून कॉल केला आणि कॅमेरा एका सॅक्सोफोनवाल्याकडे वळवला. "बाबा, बघा. 2003पासून इथे रीतसर लायसन्स देतात. जमिनीवर ते अर्धवर्तुळ आखलंय ना, तिथं उभं राहून वाजवायचं, लोक पैसे टाकतात. तुम्ही इतकी सुंदर पेटी वाजवता, मग घरातल्या घरात कशाला?"

"घरातल्या घरात" म्हटल्याबरोबर स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. "अगदी बरोबर बोलतोय तो!" ही म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या पेटीला हिच्याकडून मिळालेलं हे पहिलं उत्तेजन.

आमच्या मेहुण्याला कायद्याचा नाद आहे. वकिली केली नाही, त्यामुळे नाद टिकला. तो म्हणाला, "भावोजी, 1959चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा वाचलाय का? गाणं, नाच, कसरती, भविष्य सांगणं, यातल्या कशाच्याही मिषाने सार्वजनिक जागी पैसे घेतले तर ती भीकच. पहिल्या खेपेला किमान 1 वर्ष ठेवून घेतात." दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2018 साली यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, हेही त्याने सांगितलं, पण पेटी घेऊन दिल्लीला जाणं परवडणारं नव्हतं. स्टेशनच्या पुलावर बसावं म्हटलं तर तिथे रेल्वेचा 1989चा कायदा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसावं म्हटलं तर 2010पासून ते शांतता क्षेत्र. थोडक्यात, लंडनमध्ये कुठे वाजवायचं ते आखून दिलेलं असतं आणि आपल्याकडे कुठे नाही ते. मी दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या तोंडाशी फुटपाथवर बसायचं ठरवलं. तिथे कुणी कुणाला विचारून बसलेलं दिसत नाही.

पैसे कशात घ्यायचे हा पुढचा प्रश्न. तिकडे टोपी उलटी ठेवतात म्हणे. माझ्याकडे फक्त माकडटोपी होती, आणि ती उलटी ठेवली की मेलेल्या प्राण्यासारखी दिसते. हिने पोळ्यांचा डबा द्यायला साफ नकार दिला. शेवटी श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा मिळाला. त्यावर "केशर-वेलची" असं छापलेलं होतं. शेजारी क्यूआर कोड लॅमिनेट करून ठेवला. बोहनी म्हणून माझेच वीस रुपये डब्यात टाकले.

डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलमध्ये पेटी घेऊन चढणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गर्दीने मला आत ढकललं ते थेट एका भजनी मंडळाच्या मांडीवर. टाळ चालू होते, पत्र्यावर ठेका चालू होता. "कसली पेटी?" "वाजवायची." एवढं ऐकलं मात्र, चार हातांनी पेटी उघडली, पाचव्याने मला खिडकीची जागा दिली. डोंबिवलीच्या फास्टमध्ये खिडकी! मी असं काही वाजवलं की घाटकोपर गेलं, कुर्ला गेलं, दादरही गेलं आणि मी भायखळ्याला उतरलो. बिदागी म्हणून हातावर खडीसाखर पडली. मागे वळून पाहताना वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं. पण कलावंताला कुठे थांबावं ते कळत नाही, असं ही नेहमी म्हणतेच.

दादरला परत येऊन बसेपर्यंत साडेदहा झाले होते. डावीकडे क्लिपा-रबरबँडवाली मावशी, उजवीकडे पपईवाला. मी अल्हैया बिलावल राग लावला. भाता हलवला, डोळे मिटले, षड्ज भरला, आणि कानात आवाज आला, "साठला एक, शंभरला दोन!"

पपईवाल्याचा आवाज काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात लागत होता. मी पांढरी दोनमध्ये. दर पंधरा सेकंदांनी तो माझ्या बिलावलात एक असा स्वर टाकायचा की बिलावल थरथरून जायचा. मी वाट पाहिली, पण अशा माणसांच्या आवाजाला विश्रांतीची सवय नसते. अर्ध्या तासाने मीच हार मानली आणि काळी चारला सा धरला. आणि काय सांगू, चमत्कार झाला! त्याचं "साठला एक" थेट षड्जावर आलं, "शंभरला दोन" पंचमावर. तानपुरा भाड्याने आणला असता तरी इतका सुरात मिळाला नसता. तेवढ्यात मावशी म्हणाली, "काका, जरा तिकडं सरका ना. गिऱ्हाइकाला भाव ऐकू येत नाय."

गर्दी पेटीवाल्याला कशी पाहते ते सांगायला हवं. ती पाहत नाही. ती श्रीखंडाचा डबा पाहते, मग आपली चप्पल पाहते, मग आपल्याला अचानक आठवलेला फोन पाहते. पपईवाल्याकडे पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा होता. तो "साठ रुपये प्राप्त झाले" असं म्हणाला की लोक माझ्याकडे वळून बघायचे. एका आजोबांनी तर बोलूनही दाखवलं, "साठ रुपये? याचे?" माझ्या क्यूआर कोडपाशी सगळ्यात जास्त वेळ थांबलेला श्रोता म्हणजे पाठीवर सॅक लावलेला एक मुलगा. त्याच्या फोनला नेटवर्क नव्हतं. त्यामुळे विलंबित संपून द्रुत लागेपर्यंत तो नाइलाजाने तिथे उभा होता. नेटवर्क आलं तसे पाच रुपये दिले आणि निघून गेला.

डब्याचा खरा उपयोग बायकांनी ओळखला. "काका, शंभराचे सुट्टे आहेत का?" म्हणत एक बाई वाकल्या, शंभराची नोट टाकली आणि माझ्याच नोटा-नाणी मोजून घेऊन गेल्या. पाच मिनिटांत दुसऱ्या आल्या. दुपारपर्यंत मी त्या भागातला सुट्ट्या पैशांचा अधिकृत वाणी झालो होतो. एकीने तर "गेल्या वेळी दोन रुपये कमी दिलेत" अशी तक्रारही केली. मी पहिल्यांदाच आलो होतो.

2007 साली वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनात जोशुआ बेल नावाचा नामांकित व्हायोलिनवादक साधी टोपी घालून 43 मिनिटं वाजवत उभा होता. हातात 1713 सालचं, स्ट्रॅडिव्हेरियस बनावटीचं व्हायोलिन. 1097 माणसं समोरून गेली, थांबली 7. जमले 32 डॉलर 17 सेंट. शिवाय एका बाईंनी त्याला ओळखलं आणि वेगळे 20 डॉलर दिले. हा किस्सा मी मनाशी घोकत बसलो होतो, कारण त्या हिशेबाने माझं काही फार वाईट चाललं नव्हतं. आणि मलाही एक ओळखणारा भेटला.

त्याचं असं झालं, पंधराच दिवसांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उन्हाचा त्रास व्हायला लागला म्हणून मी डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावला. लावल्याबरोबर डब्यात नाण्यांचा पाऊस सुरू झाला. मी खूश. बिलावलाची फोड लोकांना उशिरा का होईना कळली, असं वाटलं. एका छोट्या मुलीला तिच्या आईने नाणं देऊन पाठवलं आणि ती माझ्या तोंडासमोर हात हलवून पाहू लागली तेव्हा उलगडा झाला. चष्मा काढायला हात वर नेला, तोच समोर आमच्याच इमारतीतले, दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उभे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, केशर-वेलचीकडे पाहिलं. मग खिशातून दहाची नोट काढून अलगद डब्यात ठेवली आणि वाकून कुजबुजले, "मी कुणाला सांगणार नाही. पेन्शन अडकलंय का?"

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं. आमच्याकडे तीन घरांतून आमटी आली.

पण त्याआधी दुपारी जे झालं ते असं. चारच्या सुमाराला रस्त्याच्या टोकाकडून कुजबूज आली, "गाडी आली!" पपया गोणीत, क्लिपा चादरीत, दहा सेकंदांत फुटपाथ रिकामा. माझा पालिकेच्या त्या गाडीशी काही संबंध नव्हता. मी काही विकत नव्हतो. पण मावशी पळता पळता ओरडली, "काका, उठा की!" आणि माझे पाय माझ्या आधी उठले. भाता उघडाच राहिलेली पेटी छातीशी धरून मी पळालो. पळताना दोन पट्ट्या दबलेल्या होत्या. प्रत्येक पावलागणिक भात्यातून हवा सुटत होती आणि एखाद्या दमेकऱ्या बैलासारखा सूर निघत होता. गल्लीतली कुत्री मागे लागली. दिवसभरात तेवढाच एक क्षण होता, जेव्हा रस्त्यावरच्या सगळ्या माणसांनी थांबून माझी पेटी ऐकली.

गल्लीच्या आत, एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही तिघं धापा टाकत बसलो. पपईवाल्याने एक पपई कापली. मावशी म्हणाली, "उद्या याल ना? तुम्ही वाजवलं की लोक जरा दबकतात. दबकले की क्लिपा बघतात." मी म्हटलं, "मग सकाळी तिकडं सरका का म्हणालात?" "तवा धंदा चांगला चालला होता," ती म्हणाली. श्रीखंडाचा डबा मी पळतानाही सोडला नव्हता. मोजले तर सत्त्याऐंशी रुपये. त्यातले वीस माझेच. एक क्लिपही निघाली, तिचा हिशेब अजून लागलेला नाही.

पेटीचं हे पहिलंच निर्वासन नव्हे, असं मी हिला रात्री समजावलं. 1940 ते 1971 अशी 31 वर्षं पेटीला आकाशवाणीवर बंदी होती. "मग त्यांनी परत का घेतली?" ही म्हणाली.

रविवारी पहाटे झोप लागेना म्हणून गॅलरीत बसलो होतो. खाली चिपळ्या वाजल्या. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, घोळदार अंगरखा. वासुदेव! डोंबिवलीत आता वर्षाकाठी एखाद्या वेळी दिसतो. मी सुटे घेऊन लगबगीने खाली गेलो. त्याच्या गळ्यातही क्यूआर कोड होता, माझ्याहून चांगला लॅमिनेट केलेला.

"महाराज, एक विचारू? तुम्ही एका जागी का बसत नाही?"

"बसलं की पाठीमागं भिंत दिसती आन पुढं वाडगं दिसतं," तो म्हणाला. "चालत ऱ्हायलं की माणूस दिसतो. आन लवकर निघावं. माणूस पुरता जागा झाला की खिशाकडं हात जात नाय त्याचा." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "तुमी का इचारताय?"

मी दादरची सगळी हकीकत सांगितली. अल्हैया बिलावल, काळी चार, गाडी, कुत्री. तो गंभीरपणे ऐकत होता. "पेटी जड पडती," एवढंच म्हणाला. "चिपळ्या बऱ्या. पळता येतं."

मी दहाची नोट पुढे केली. तो नेहमीसारखं "दान पावलं" म्हणेल, जेजुरीच्या खंडोबाला, पंढरीच्या विठोबाला पावतं करेल म्हणून हात जोडून उभा राहिलो. त्याने नोट घेतली, क्षणभर पाहिली आणि माझ्या मुठीत परत ठेवून मूठ बंद केली.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "धंद्यातल्या मानसाकडून घेत नाय आमी."