‘दोष जिभेचाच’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वरण-भात, भाकरी आणि पालेभाजी स्वस्त व सोपी असताना लोक पाकिटातले खाणे निवडतात ते केवळ जिभेवर ताबा नसल्यामुळे, आणि मी त्यांच्या आळसाला सबबी पुरवते, असे पाकिटातल्या खाण्याविषयीच्या माझ्या लिखाणावरील प्रतिक्रियेत आपण लिहिले आहे. हा आक्षेप मला मान्य नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, ताजे अन्न दिले. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू जुळवलेले होते, आणि हवे तेवढे खाण्याची मोकळीक होती. तरीही पहिल्या प्रकारचे अन्न असताना तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. चवीला मात्र दोन्ही जेवणे त्यांना साधारण सारखीच आवडली होती. मऊ, कमी चावावे लागणारे अन्न ती अधिक वेगाने खात होती. मग दोष एकट्या जिभेवर कसा टाकायचा?

आता ‘सोपे’ या आपल्या दाव्याविषयी. भाजी आणून निवडणे, डाळ शिजवणे, भाकरी थापणे आणि शेवटी भांडी घासणे, हे सारे नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांजवळ असताना, कूलरची हवा न पोहोचणाऱ्या स्वयंपाकघरात कोणीतरी करत असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. स्वयंपाक हा त्याचाच मोठा भाग. हिंगण्याच्या एमआयडीसीतून कामाची पाळी संपवून संध्याकाळी घरी पोहोचलेल्या बाईने मुलांपुढे नूडल्स ठेवले, तर तिला आळशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मुलांना लहानपणापासून घरच्या चवीची सवय लागावी, हा आपला मुद्दा मला पूर्ण पटतो. मात्र ती सवय लावणारा स्वयंपाक घरातील कोणी करायचा, याविषयी आपल्या प्रतिक्रियेत एकही वाक्य नाही. त्यावरचे आपले मत वाचण्याची मला खरोखर उत्सुकता आहे.