गॅलिस लाल हवेत

शेतकऱ्यांचं नेतृत्व करायचंय ना? मग आधी कायद्याची पदवी घ्या. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या युजीन टॅलमेज यांनी घेतली होती, तीही राज्य विद्यापीठातून. फक्त ती मिरवू नका. मिरवायला लाल गॅलिस आहेत. भर सभेत कोट काढून बाजूला टाका, म्हणजे ते दिसतील. शेती हवीच, पण तुम्ही गावोगाव भाषणं देत फिरताना ती बायको सांभाळेल. टॅलमेजबाईंनी सांभाळली.

1926 साली साहेब राज्याचे कृषी आयुक्त झाले. डुकरांचे भाव पडले तेव्हा त्यांनी सरकारी पैशाने डुकरं विकत घेऊन शिकागोला पाठवली. सौदा बुडाला, चौकशी लागली. इथे कच्चा माणूस खुलासे देत बसतो. साहेबांनी म्हणे शेतकऱ्यांनाच सांगितलं, ‘हो, चोरले! पण तुमच्यासाठी चोरले!’ 1932 मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले.

लोकप्रियता वगैरे ठीक आहे, पण खरी भिस्त गणितावर ठेवा. जॉर्जियात 159 काउंट्या, म्हणजे जिल्हे. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत उमेदवाराला मतं नव्हे, काउंटीची ‘युनिट’ मोजली जात. सर्वात मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा, बहुसंख्य लहानग्यांना दोन. म्हणजे तीन चिमुकल्या काउंट्या खिशात घातल्या की अख्खं अटलांटा शहर फिटलं! ट्राम धावते त्या काउंटीचं मत मला नकोच, असं साहेब उगाच नव्हते म्हणत.

शेतकरी कोणाला म्हणायचं हेही ठरवून ठेवा. काळा शेतकरी त्यात नाही. शेत सुटल्यामुळे गिरणीत गेलेलाही नाही. 1934 च्या संपात अशा कामगारांना साहेबांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, पाठवून काटेरी कुंपणाआड डांबलं. विद्यापीठाला मात्र जपून हात लावा. 1941 मध्ये वर्णभेद मोडू पाहतो या आरोपावरून त्यांनी एका अधिष्ठात्याला घालवलं, विद्यापीठाची मान्यता गेली, पोरं चिडली आणि 1942 ला साहेब पडले.

पण 1946 मध्ये काळ्यांना प्राथमिक निवडणुकीतून पुन्हा हाकलण्याचं वचन देऊन ते परतले. प्रतिस्पर्ध्याला सुमारे 16 हजार मतं जास्त पडली. युनिट साहेबांना जास्त. मग डिसेंबरात, शपथेआधीच, ते वारले.

घाबरू नका, मुलगा कशासाठी असतो? वडिलांची तब्येत पाहून समर्थकांनी हर्मनचं नाव मतपत्रिकेवर हाताने लिहून ठेवलं होतं: साहेब गेलेच, तर उरलेल्यांत जास्त मतं मिळालेल्यांतून विधिमंडळ गव्हर्नर निवडेल, हा हिशोब. ती मतं कमी भरली, तर टॅलमेजांच्याच टेलफेअर काउंटीत राहून गेलेली मतं ऐनवेळी सापडली. त्यातले मतदार वर्णानुक्रमे मतदानाला आलेले. काही जण तर थेट दफनभूमीतून. विधिमंडळाने हर्मनना गव्हर्नर केलं, त्यांच्या माणसांनी कार्यालयाची कुलुपं बदलली आणि मार्च 1947 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना घरी पाठवलं. टेलफेअरचा हा घोळ एका पत्रकाराने उघडकीला आणला. 1948 मध्ये दोघांच्याही कष्टाचं चीज झालं: पत्रकाराला पुलित्झर मिळालं आणि हर्मन रीतसर निवडून येऊन गव्हर्नर झाले.