एक स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर: जास्वंद का गेली

नमस्कार ताई,

आमच्या नर्सरीतून नेलेल्या जास्वंद, गुलाब आणि टोमॅटोबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. "मेलेली रोपं विकतात, फोन केला तर पाणी वाढवा एवढंच सांगून ठेवून देतात, तीनपैकी दोन गेली, टोमॅटोला फूल टिकत नाही, पैसे पाण्यात." शेवटचं मुद्दाम लिहिलंत का माहीत नाही, पण सगळा घोळ खरंच पाण्याचाच निघाला.

उत्तराला चार दिवस लागले कारण तुम्ही जास्वंद कुंडीसकट काउंटरवर ठेवून गेलात तेव्हा मी नव्हतो आणि बघितल्याशिवाय बोलायचं नव्हतं. आल्यावर कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. बाहेरची माती, म्हणजे तुम्ही घातलेली, नुसता चिखल, बोटाला चिकटत होती. आणि त्याच्या मधोमध आमच्या पिशवीतली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, अजून पिशवीच्याच आकाराची, हातात घेतली तर एकदम हलकी, मोडली तर आतून कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) धूळ उडाली. म्हणजे दिवसातून दोनदा तुम्ही पाणी घालत होतात हे शंभर टक्के खरं आणि झाड तहानेनं गेलं हेही खरं! कोकोपीट एकदा पार सुकलं की आकसतं, मग वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं, ताटलीत येतं, आपल्याला वाटतं झालं पोटभर, आणि मुळं असतात त्या मधल्या गोळ्याला थेंब मिळत नाही.

आता चूक कोणाची, तर आमची. लावायच्या आधी हुंडी बादलीत बुडवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, हे आम्ही विकताना सांगायला पाहिजे होतं. आणि फोनवर आमच्या दुकानातल्या मुलानं "पाणी वाढवा" म्हणायच्या आधी "मातीत दोन इंच बोट घाला, काय लागतंय ते सांगा" एवढं विचारायला पाहिजे होतं, कारण कोरडं पडलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड दोन्ही सारखीच मान टाकतात, नुसत्या फोटोवरून मलाही कळत नाही. त्यात दुपारी मान टाकणं हा तर वेगळाच प्रकार. कडक उन्हात पानातून पाणी उडतं त्या वेगानं मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून माती ओली असली तरी पानं लोंबतात आणि सूर्य कलला की आपोआप उभी राहतात. सकाळीही लोंबलेलीच असतील तर मात्र काळजी करा. फोनवरच्या त्या मुलाला बोललोय मी, पण तो नवा आहे, राग माझ्यावर काढा.

दुसरी चूक पण आमचीच. आमच्याकडे रोपं ५० टक्के नेटखाली, म्हणजे निम्मं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली असतात, तुम्ही घरी नेऊन थेट पश्चिमेच्या गच्चीत ठेवलीत. तुमच्या फोटोत वरच्या पानांवर पांढरट-तपकिरी चट्टे आहेत ना, ते फक्त वरच्याच पानांवर, जिथे खालचं पान झाकलं गेलंय तिथे हिरवं आहे, ते बुरशी वगैरे काही नाही, ऊन लागलंय. आधी नुसतं सकाळचं ऊन, रोज थोडं थोडं वाढवत आठ-दहा दिवसांनी पूर्ण, असं करायचं असतं, हेही आम्हीच सांगायला पाहिजे होतं. आणि त्या चट्ट्यांवर तुम्ही भर दुपारी कडुनिंबाचं तेल मारलंत असं लिहिलंय, अहो ताई तेल लावून उन्हात बसवलं की पान भाजतंच, मारायचं तर ऊन उतरल्यावर.

"मेलेली रोपं" हे मात्र नाही मान्य. जास्वंद आमच्याकडून निघाली तेव्हा तिच्यावर चार कळ्या होत्या, बिलाच्या वेळी तुम्हीच मोजल्यात. आणि गुलाबाचं बिल आमच्या नावावर नका फाडू प्लीज. उन्हाळा लागताना तुम्ही तो अर्ध्याच्या वर छाटलात, त्यामुळे फांद्या उघड्या पडल्या, वर लगेच युरिया चमचाभर, तोही कोरड्या मातीत. खताचे क्षार मुळातलं पाणी उलट बाहेर ओढतात, म्हणून पानांच्या कडा आधी करपल्या. एवढ्या उन्हात झाड जगायच्या नादात असतं, त्याला वाढ म्हणून मागे लागायचं नाही, खत थांबवायचं.

टोमॅटो जिवंत आहे, तो सोडून देऊ नका. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गरमच असेल तर बहुतेक जातींत फलन होत नाही आणि फूल देठासकट गळतं. दुपारची सावली करा, गारवा आला की फळ धरेल.

गच्चीवरचं एक राहिलं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी बाजूनं हात लावून बघा, टिकत नाही, आत मुळं त्याच भिंतीला टेकलेली असतात. ती मोठ्या कुंडीत उतरवून मधे सुका पाला भरा नाहीतर दुसऱ्या कुंड्यांच्या मागे सरकवा. मातीवर दोन-तीन इंच पाला, खोडापासून दोन बोटं सोडून. पांढरे गोटे नको, आम्ही विकतो ते दिसायला छान आहेत पण ऊन परतवून पानांवर फेकतात. पाणी पहाटे, एकदाच पण खालून निथळेपर्यंत, पुढचं पाणी मातीत बोट घालून बघितल्यावरच. आणि पाइप उन्हात पडलेला असेल तर पहिलं पाणी बाजूला सोडा, ते चटका बसेल इतकं तापलेलं असतं.

जास्वंदीच्या बदली जास्वंद देतोय, पैसे नकोत. फक्त आज येऊ नका, एक रोप कालपासून नेटच्या बाहेर सकाळच्या उन्हात काढून ठेवलंय, दहा दिवसांनी या, तोवर त्याला सवय होईल. हुंडी भिजवून देईन. स्टारचं तुमचं तुम्ही बघा.