म्हणे, दूध तापवू नका

‘पिशवीचं दूध म्हणजे विष’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. मी वाचून सोडून देत होतो. पण तो आमच्या वहिनीपर्यंत पोचला आणि तिने दोन वर्षांच्या पोराला गोठ्यावरचं धारोष्ण दूध, तेही न तापवता, द्यायला सुरुवात केली. आता गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो: देशातलं ६८ टक्के दूध भेसळीचं, जागतिक आरोग्य संघटनेच्या इशाऱ्यानुसार २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर, टेट्रापॅक टिकतो तो फॉर्मेलिन या विषारी रसायनामुळे, तपासणारं कोणी नाही, म्हणून कच्चं दूध प्या, तापवलं की कस जातो.

कॅन्सरचं आधी उरकतो. असा इशारा त्या संघटनेने दिलेलाच नाही, केंद्र सरकारने तसा खुलासाही केलाय. टेट्रापॅकमधलं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरतात, म्हणून टिकतं. झालं.

६८चा आकडा मात्र अगदीच हवेतला नाही. २०११ साली एफएसएसएआय या केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या पाहणीत ६८.४ टक्के नमुने निकषात बसले नव्हते. पण त्यात मोठा वाटा पाणी घातलेल्या दुधाचा. ती लबाडी आहेच, विष नव्हे. त्याच संस्थेने २०१८ मध्ये ११०३ गावं-शहरांतून ६४३२ नमुने घेतले. युरिया, डिटर्जंट, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे किती नमुन्यांत सापडलं? १२. टक्के नव्हे, नमुने. असुरक्षित निघाले ४५६, आणि हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बहुतेकांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष होतं, जे बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात उतरतं. प्रक्रिया केलेल्या दुधात ते जास्त आढळलं, हेही सांगून टाकतो. पण गोठ्यावरची गायही पेंडच खाते ना?

आता त्या ‘तापवू नका’कडे येऊ, कारण खरा घात तिथे आहे. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा संसर्गजन्य रोग झालेली गाय दिसायला ठणठणीत असू शकते. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, पुढे दूध देत राहते आणि त्या दुधातून जंतू येत राहतात. माणसाला चढउतार होणारा ताप, घाम, सांधेदुखी. निदान होईपर्यंत कधी कधी महिने जातात. उगाच नाही सरकार ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस टोचत. शिवाय जनावरांचा क्षय, साल्मोनेला, ई. कोलाय. कास नीट धुतली नाही, धार काढताना शेणाने भरलेली शेपटी बादलीवर फटकारली, लहान पोराला तेवढं पुरतं. हे सगळे जंतू एका उकळीने मरतात. बदल्यात जातं काय, तर थोडी ब जीवनसत्त्वं. कॅल्शियम जागच्या जागी राहतं.

उकळीने न जाणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि मेसेजवाल्याला तिचा पत्ताच नाही. पंगतीसाठी सकाळी केलेली बासुंदी दुपारपर्यंत उघड्यावर राहिली, की वाढणाऱ्याच्या हातावरचे स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू तिच्यात वाढून विष तयार करतात. ते परत तापवूनही टिकतं. लग्नाघरी माणसं उलट्या करायला लागतात ती अनेकदा अशी. त्याला युरिया लागत नाही.

तपासणारं कोणी नाही, हे अर्धं खरं. सुट्या दुधावर अन्न व औषध प्रशासनाची नजर तोकडीच पडते. तरी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्राहक स्वतः शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकतो. पिशवीवर १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तक्रारीला तो उपयोगी पडतो. गोठ्यावरच्या किटलीवर असं काहीच नसतं.